एडिसनने कल्पिलेले गिऱ्हाईक

ग्रामोफोनचा पूर्वज जो फोनोग्राफ, तो कशासाठी निर्माण झाला असे वर्गात विचारले की बहुतेक विद्यार्थी ‘गाणी ऐकण्यासाठी’ असे सांगतात. खुद्द थॉमस एडिसनचे उत्तर निराळे होते.

१८७७ च्या अखेरीस त्याने केलेले यंत्र अगदी साधे होते. खोबण असलेल्या धातूच्या दंडगोलावर कथिलाचा वर्ख गुंडाळायचा, हाताने दंडगोल फिरवायचा आणि तोंडाशी असलेल्या नळीत मोठ्याने बोलायचे. आवाजाने पातळ पडदा कंप पावे व त्याला जोडलेली सुई वर्खावर कमीअधिक खोल खड्डे पाडी. पुढे ऐकण्याची सुई त्याच खड्ड्यांवरून फिरली की तिचा पडदा तसाच थरथरे आणि बोललेले शब्द परत ऐकू येत. मात्र थोड्याच वेळा ऐकल्यावर वर्ख निकामी होई.

असले यंत्र घेणार कोण? जून १८७८ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात एडिसनने त्याचे दहा उपयोग सांगितले. पहिला, लघुलेखकावाचून पत्रांचा मजकूर सांगणे. दुसरा, अंधांसाठी बोलकी पुस्तके. वेळ बोलून दाखवणारे घड्याळही यादीत आहे. संगीताचा क्रमांक चौथा! एडिसन तरुणपणी तारयंत्रावर काम करीत असे. आवाज म्हणजे निरोप, हे त्याच्या अंगवळणी पडले होते. शिवाय त्याला ऐकू कमी येई. तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गायनाचा शौकीन न येता कचेरीतला साहेब आला, यात मला नवल वाटत नाही.

विजेच्या दिव्याच्या खटाटोपामुळे मधली वर्षे गेली. १८८८ मध्ये मेणाच्या दंडगोलाचे सुधारलेले यंत्र तयार झाले व वर्षाला ४० डॉलर भाड्याने ते कचेऱ्यांना देण्याची योजना निघाली. पण बॅटरीवर चालणारे ते यंत्र वरचेवर बिघडे, आणि लघुलेखकांना तर ते आपल्या पोटावर पाय आणणारे वाटले. धंदा चालेना.

नोव्हेंबर १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मद्यगृहात लुई ग्लास याने याच यंत्राला नाणे टाकण्याची सोय केली. पाच सेंट टाका, नळी कानाला लावा, गाणे ऐका. सहा महिन्यांच्या आत त्या एका यंत्राने १००० डॉलरहून अधिक कमाई केली. हिशेब करून पाहा: ही २०,००० हून अधिक नाणी होतात. एडिसनला हे रुचले नाही. करमणुकीमुळे आपले कामाचे यंत्र खेळणे ठरेल, असे त्याला वाटे.

खरी गंमत पुढेच आहे. गिऱ्हाईक बदलले की यंत्राकडून असलेली अपेक्षाही बदलते. साहेबाला बोलायचेही असते आणि ऐकायचेही. पत्र लिहून झाले की तोच दंडगोल पुन्हा वापरता यावा, म्हणून मेणाचा वरचा थर तासण्याची सोय होती. गाणे ऐकणाऱ्याला यातले काहीच नको. त्याला हवी एकाच गाण्याची हजारो घरांसाठी प्रत. दंडगोल इथे अडला. १८९० नंतरच्या काही वर्षांत गायक चारसहा यंत्रांपुढे उभे राहून तेच गाणे दिवसभर पुन्हा पुन्हा गात, तेव्हा कुठे विक्रीपुरते दंडगोल भरत.

एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये पेटंट घेतलेल्या ग्रामोफोनमध्ये दंडगोलाच्या जागी पुढे सपाट तबकडी आली. एका मूळ तबकडीवरून धातूचा साचा करायचा आणि त्यावरून नाण्यासारखे ठसे उठवायचे. घरच्या ग्रामोफोनवर ध्वनिमुद्रण करता येत नसे. साहेबाच्या दृष्टीने हे वैगुण्य, पण गाणे ऐकणाऱ्याचे त्यावाचून काहीही अडले नाही.

यादीतला दुसरा ग्राहक, अंध वाचक, कल्पनेतला नव्हता. पण मेणाचा दंडगोल जेमतेम दोन मिनिटे चाले. त्यावर कादंबरी बसणार कशी? तबकडीच्या एका बाजूवर सुमारे १५ मिनिटांचे वाचन मावू लागले, तेव्हा १९३४ मध्ये अमेरिकेत अंधांच्या हाती बोलकी पुस्तके पडू लागली. एडिसन त्यापूर्वी तीन वर्षे वारला होता.