अंगणात आलेली शाळा
ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बोर्डी-कोसबाडचे बालशिक्षण

ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या बोर्डी गावात १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या आणि दादरच्या शिशुविहारामुळे शिक्षणक्षेत्रात त्यांचे नाव झाले होते. त्याच वर्षी पस्तिशीच्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. खेड्यातील आणि आदिवासी पाड्यांवरील लहान मुलांच्या शिक्षणाची एक नवी रीत या दोघींनी पुढच्या काळात घडवली. बोर्डी आणि कोसबाड ही ठिकाणे आज पालघर जिल्ह्यात येतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी विभाजन होईपर्यंत मात्र ठाणे-कल्याणपासून डहाणू-तलासरीपर्यंतचा मुलूख एकाच ठाणे जिल्ह्यात होता.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला घरातून पाठबळ होते. १९१४ मध्ये ताराबाई पदवीधर झाल्या. पुढे राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. ती सुरक्षित नोकरी सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करू लागल्या. पेशाने वकील असलेल्या गिजुभाईंनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर काढले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाची शिक्षणपत्रिका आधी गुजरातीत निघाली, पुढे मराठीतही निघू लागली. पालकांनी मुलांना मारू नये, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी घरोघर पोहोचवण्याचे काम या पत्रिकेने केले.

भावनगरच्या प्रयोगाचा पाया मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा होता. १९०७ मध्ये रोममधील कामगारवस्तीत माँटेसरींनी पहिले बालगृह उघडले होते. तिथे मूल साधने हाताळत स्वतःच्या गतीने शिकत असे. गिजुभाई आणि ताराबाईंनी ही पद्धत जशीच्या तशी घेतली नाही. लहान वयात परीकथा-कल्पनाकथा सांगण्याबद्दल माँटेसरी साशंक होत्या. या दोघांनी मात्र गोष्टी, गाणी, नाटुकली आणि नाच यांना बालमंदिरात मानाची जागा दिली. गिजुभाईंनी मुलांसाठी गोष्टींची पुस्तकेच्या पुस्तके लिहिली. मुलाची भाषा आधी कानाने आणि तालाने घडते, अक्षरओळख त्यानंतरची, ही धारणा त्यामागे होती. मराठी बालवाड्यांत बडबडगीत आणि अभिनयगीत रुजले, त्यातही या विचाराचा वाटा आहे.

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. तेथील मुले मध्यमवर्गीय घरांतली होती, आणि महागडी साधने लागणारे शिक्षण शहरातच अडकून पडेल हे ताराबाईंना दिसत होते. पुढे गांधीजींनी नई तालीम या आपल्या शिक्षणयोजनेचा विस्तार शाळापूर्व वयापर्यंत करण्याचा विचार मांडला. बोर्डीचे केंद्र या पार्श्वभूमीवर उभे राहिले.

परिसरातील परिस्थिती बिकट होती. जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्या कचाट्यात सापडलेले वारली आदिवासी वेठीला जुंपले जात. १९४५ मध्येच किसान सभेच्या गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली जवळच्या झरी गावातून वारल्यांच्या लढ्याला तोंड फुटले. वेठीविरुद्धचा संघर्ष किसान सभेने हाती घेतला, तर पाड्यांवरच्या लहान मुलांचा प्रश्न ताराबाईंनी.

गावात बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुले तिथे येईनात. त्यावर उपाय म्हणून बालवाडीच वस्तीत नेण्यात आली. सेविका वस्तीतल्या एखाद्या अंगणात मुलांना जमवत, त्यांना नाहूमाखू घालत, नखे काढत, केस विंचरत आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू होत. आयांच्या डोळ्यांसमोरच हे चालत असल्याने स्वच्छतेचे आणि आहाराचे धडे घरापर्यंत आपोआप जात. ही अंगणवाडी. साधनांचा खर्चही असाच सुटला. मोजायला शिंपले, चिंचोके आणि खडे, रंग ओळखायला पाने-फुले, आकारांसाठी गावच्या सुताराने केलेल्या वस्तू.

अनुताईंमुळे या कामाला सलगता मिळाली. १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. त्यानंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या. पुण्यात दिवसा शाळेत शिकवून रात्रशाळेतून त्यांनी मॅट्रिक केले. १९४५ मध्ये बोरिवलीला ग्रामसेविकांच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या.

१९५६-५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्यामागे अनुभवातून आलेले कारण होते. धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून मोठी मुलगी शाळेत येत नसे. भावंडाची सोय पाळणाघरात झाली की ती मोकळी होई. गुरे राखणारी मुले मात्र तरीही दुरावत. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना शिक्षक कुरणातच शिकवत. जोडीला बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे वर्ग चालत.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडची धुरा अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके वाहिली, शिक्षणपत्रिका चालवली, मुलांसाठी आणि शिक्षिकांसाठी लेखन केले. त्यांचे आत्मकथन ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या नावाने प्रसिद्ध आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही संस्था सुरू केली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. पोषण, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण एकाच छताखाली आणणारी ही योजना पुढे देशभर पसरली. मात्र अनेक अंगणवाड्यांत आहारवाटप आणि नोंदवह्या यांनीच दिवस भरतो आणि गाणी-गोष्टींचा वेळ आक्रसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने हमी दिली ती ६ ते १४ या वयाला; शाळापूर्व वय त्या हमीबाहेर राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला.

ज्या प्रश्नातून अंगणवाडी आणि कुरणशाळा निघाल्या तो प्रश्न आजही मिटलेला नाही. पावसाळा सरला की जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि मुलांची शाळा सुटते. अशा मुलांसाठी विधायक संसद संस्थेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. मूल शाळेत येत नसेल तर कारण आधी शाळेच्या वेळेत, जागेत आणि साधनांत शोधायचे, या कोसबाडच्या सूत्राचाच तो विस्तार होता.