डिंक, भाजीपाला आणि मग द्राक्ष
क्रोएशियातून परमुलखी गेलेल्या वाइनकरी घराण्यांचा आढावा

न्यूझीलंडमधल्या वाइनच्या दुकानात फळीवर नजर फिरवली, तर बाबिच, डेलेगाट, नोबिलो, सेलाक्स, सोल्यान्स अशी आडनावं दिसतात. ब्रिटिशांच्या वसाहतीतून घडलेला देश, पण बाटल्यांवरची नावं एड्रिॲटिक समुद्राकाठची. ही घराणी दाल्मेशियातून, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनारपट्टीवरून आलेली. कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या स्वान खोऱ्यातही त्यांचे भाऊबंद भेटतात.

प्रत्येक घराण्यात एक मूळपुरुष असतो, कुणाचा आजोबा, कुणाचा पणजोबा. नातवंडं त्याची आठवण सांगतात तेव्हा गोष्ट ठरलेल्या वळणानं जाते: रिकाम्या खिशानं आला, वेली लावल्या, घाम गाळला, नाव काढलं. गोष्ट खोटी नाही, पण तिची मधली पानं गळालेली आहेत. ही माणसं आधी मजूर होती, मग शेतकरी झाली आणि वाइनवर पोट भरायला लागली ती सगळ्यांत शेवटी. हा क्रम ध्यानात घेतला तरच त्यांच्या यशाचा उलगडा होतो.

घर का सुटलं

दाल्मेशियात द्राक्ष काही नवीन नव्हतं. ह्वार बेटावर ग्रीकांनी इसवी सनापूर्वी ३८४ साली वसाहत केली, तेव्हा आखलेली शेतं आजही कसली जातात. दगड वेचून, चुना-मातीशिवाय रचलेल्या ताली आणि त्यांच्या आडोशाला वेली. २००८ साली युनेस्कोनं हे स्तारी ग्राद मैदान जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. जमीन मात्र खडकाळ, तुकड्या-तुकड्यांची. एका घराचं पोट भरेल, तीन भावांचं भरणार नाही, अशी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या बागा फायलोक्झेरा या मुळं शोषणाऱ्या किडीनं उद्ध्वस्त केल्या आणि दाल्मेशियाच्या वाइनला अचानक भाव आला. लोकांनी मिळेल त्या उतारावर द्राक्ष लावलं. हे दिवस फार टिकले नाहीत. फ्रान्सच्या बागा सावरल्या. दाल्मेशिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. १८९१ साली या साम्राज्यानं इटलीशी केलेल्या व्यापारी करारात इटालियन वाइनवरची जकात उतरवली, आणि त्या स्वस्त मालापुढे दाल्मेशियाची वाइन पडून राहू लागली. त्याच दशकात फायलोक्झेरा दाल्मेशियातही पोचला. भाव गेला, मग पीकही गेलं. त्यात सक्तीच्या लष्करी नोकरीची टांगती तलवार. घराघरातली पंधरा-सोळा वर्षांची पोरं बोटीवर चढली.

डिंकाची रानं

न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला कौरी नावाच्या महाकाय वृक्षांची जंगलं होती. हजारो वर्षांपूर्वी मरून गेलेल्या झाडांचा डिंक दलदलीत गाडला गेला होता आणि व्हार्निश, पुढे लिनोलियम बनवणाऱ्या कारखान्यांना तो हवा होता. दाल्मेशियन पोरांचं पहिलं काम हेच. लांब लोखंडी सळई चिखलात खुपसायची, टोकाला डिंकाचा खडा लागल्याचं हाताला जाणवलं की फावड्यानं खणायचं, रात्री झोपडीत बसून तो खरवडून साफ करायचा. भांडवल म्हणजे एक सळई, एक फावडं आणि गोणपाटाची झोपडी.

ही माणसं गटानं राहत आणि रांगेनं, पद्धतशीर रान खणत. एकट्या-दुकट्यानं खणणाऱ्या ब्रिटिश मजुरांच्या ते डोळ्यांत आलं. ‘हे ऑस्ट्रियन येतात, डिंक उपसतात आणि पैसा घरी पाठवतात’ अशी ओरड झाली, आणि १८९८ च्या कायद्यानं डिंकाची काही रानं ब्रिटिश प्रजेसाठी राखून ठेवली. पुढे पहिल्या महायुद्धात तर हे लोक कागदोपत्री शत्रूची प्रजा ठरले. ज्या साम्राज्याला कंटाळून ते पळाले होते, त्याच साम्राज्याचे म्हणून त्यांची नोंद झाली आणि अनेकांना सरकारी कामांवर जुंपण्यात आलं.

या काळात त्यांना माणूस म्हणून जवळ केलं ते माओरींनी. डिंकाच्या रानात दोन्ही समाज शेजारी राबत होते. त्यांच्यात लग्नं झाली आणि उत्तरेकडच्या कित्येक माओरी घरांत आजही दाल्मेशियन आडनावं आहेत.

डिंक संपत चालला, पाय ठेवायला कायद्यानं फारशी जागा उरली नाही, तेव्हा साठवलेल्या पैशातून त्यांनी जमिनी घेतल्या. शेतीकडे वळण्यात हौस कमी आणि नाइलाज जास्त होता.

आधी गाई, मग वेली

योसिप बाबिच हे या पिढीचं नमुनेदार उदाहरण. इमोत्स्कीजवळच्या रुनोविच गावचा हा मुलगा १९१० साली चौदाव्या वर्षी भावांपाठोपाठ डिंकाच्या रानात पोचला. १९१६ साली त्यानं तिथंच पहिली वाइन केली. पुढे ऑकलंडच्या पश्चिमेला हेंडरसन भागात जमीन घेतली. तिथं काय केलं? गाई पाळल्या, भाजीपाला लावला, फळझाडांची छोटी बाग केली आणि शिवाय द्राक्ष लावलं. हेंडरसन, ओरेशिया, कुमेऊ, ह्वापाई या पट्ट्यातल्या दाल्मेशियन घरांचा संसार साधारण असाच चालत असे. रोजचा पैसा दुधाचा आणि भाजीचा. द्राक्षाला तीन-चार वर्षं फळ नाही, आणि वाइनला गिऱ्हाईक नाही.

गिऱ्हाईक नव्हतं, कारण देश दारूबंदीच्या उंबरठ्यावर होता. एप्रिल १९१९ च्या सार्वमतात देशातल्या मतदारांनी बंदीच्या बाजूनं कौल दिला होता. परदेशी असलेल्या सैनिकांची मतं मोजली तेव्हा तो उलटला. म्हणजे न्यूझीलंडची वाइन त्या वेळी वाचली ती छावण्यांमधल्या मतपत्रिकांमुळे. त्यानंतरही १९६७ पर्यंत बार संध्याकाळी सहाला बंद होत. वाइन विकायची तर आपल्याच कोठारातून, तीही ठरावीक मोठ्या मापात. अशा बाजारात टिकायचं तर शेरी आणि पोर्टसारखे गोड, कडक प्रकार करावे लागत. शहरी लोक त्याला नावं ठेवत, आणि शनिवारी बरण्या घेऊन येतही असत.

तांत्रिक बाजूही सोपी नव्हती. १८९५ साली रोमिओ ब्रागातो नावाच्या द्राक्षतज्ज्ञानं न्यूझीलंडची पाहणी केली. जन्म आजच्या क्रोएशियातल्या लोशिन बेटावरचा, शिक्षण इटलीतलं. वाइनच्या द्राक्षाला हा देश उत्तम आहे, असा त्यानं अहवाल दिला, आणि फायलोक्झेरा इथंही पोचलाय हेही दाखवून दिलं. उपाय आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला समजावून सांगायची गरज नाही. आपण क्षारपड जमीन आणि पाण्याची ओढ यांसाठी डॉगरिजच्या खुंटावर थॉम्सनचं कलम करतो, तसं तिथं किडीसाठी अमेरिकन खुंटावर युरोपियन वाण बांधायचा. ब्रागातो १९०२ ला सरकारी द्राक्षतज्ज्ञ झाला, त्यानं हे सगळं करून दाखवलं, पण सरकारचा उत्साह ओसरला आणि १९०९ मध्ये तो देश सोडून गेला. कित्येक बागांत मग चिवट पण हलक्या दर्जाचे संकरित वाण राहिले. आज ब्लेनिममधल्या वाइन संशोधन संस्थेला त्याचं नाव आहे.

दुसऱ्या पिढीचा डाव

जग ओळखतं ती वाइन केली मुलांनी आणि नातवांनी. इव्हान युकिच यानं ऑकलंडजवळच्या वैटाकेरे डोंगरात लावलेल्या छोट्या बागेतून माँटाना कंपनी उभी राहिली. त्याचा मुलगा फ्रँक यानं १९७३ साली दक्षिण बेटावरच्या मार्लबरोत मेंढ्यांची कुरणं विकत घेऊन तिथं द्राक्षाची मोठी लागवड सुरू केली. १९७५ ला सोव्हिन्यों ब्लाँ लावलं, १९७९ ला त्याची पहिली बाटली निघाली. आज देशातल्या द्राक्षक्षेत्राचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग एकट्या मार्लबरोत आहे.

जॉर्ज फिस्तोनिच यानं १९६१ मध्ये वडिलांकडून पाच एकर खंडानं घेऊन व्हिला मारिया सुरू केली. वाइन उद्योगासाठी ‘सर’ किताब मिळालेला तो पहिला न्यूझीलंडर. कोर्चुला बेटावरून आलेल्या नोबिलोंनी १९४३ मध्ये ह्वापाईला बाग लावली. या तिन्ही कंपन्या आज घरच्या राहिलेल्या नाहीत. माँटाना आणि नोबिलो बड्या परदेशी कंपन्यांकडे गेल्या, व्हिला मारिया २०२१ मध्ये विकली गेली. बाटलीवरचं आडनाव आणि मालकी यांचा संबंध दर वेळी असतोच असं नाही.

घरानं राखलेली बाग पाहायची तर कुमेऊ रिव्हरची. मिक आणि केट ब्राय्कोविच यांनी १९४४ मध्ये घेतलेली ही जागा. मुलगा माते यानं ती नावारूपाला आणली. नातू मायकेल १९८९ मध्ये ‘मास्टर ऑफ वाइन’ ही पदवी मिळवणारा पहिला न्यूझीलंडर ठरला. १९९० मध्ये मूळ जागेवरच नव्यानं शार्दोने लावलं. माते १९९२ मध्ये गेले आणि त्या तुकड्याला त्यांचंच नाव मिळालं: मातेज व्हिनयार्ड. पुतळा नाही, फलक नाही. दर हंगामात तोडणी होते आणि वडिलांच्या नावाची बाटली निघते. मात्र माते गेल्यावर व्यवसायाचा गाडा ओढला तो त्यांच्या पत्नी मेल्बा यांनी, हे बाटली सांगत नाही. मूळपुरुषाच्या गोष्टींतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. वेली बांधणं, तोडणी, बाटल्या धुणं, दारात आलेल्या गिऱ्हाइकाला माप घालणं, हिशेब ठेवणं यांतलं बरंचसं काम घरातल्या बायकांनी केलं. लेबलावर त्यांची नावं क्वचित येतात.

नापातला बेरे टोपीवाला

कॅलिफोर्नियातली गोष्ट थोडी निराळी. मिल्येन्को गर्गिच, अमेरिकेचे माइक गर्गिच, १ एप्रिल १९२३ रोजी नेरेत्वा खोऱ्यातल्या देस्ने गावी जन्मले. अकरा भावंडांत शेवटचे. झाग्रेबच्या विद्यापीठात वाइनशास्त्र शिकले आणि १९५४ मध्ये कम्युनिस्ट युगोस्लाव्हियातून शिष्यवृत्तीच्या निमित्तानं बाहेर पडले ते परत गेलेच नाहीत. हातात पुठ्ठ्याची बॅग, डोक्यावर बेरे टोपी, बुटाच्या तळव्यात शिवलेले ३२ डॉलर. जर्मनी, मग कॅनडा आणि १९५८ ला कॅलिफोर्नियातलं नापा खोरं.

त्यांच्याकडे शिक्षण होतं, तरी त्यांनाही दुसऱ्यांच्या दारी राबावंच लागलं. बोल्यू व्हिनयार्डमध्ये आंद्रे चेलिस्टचेफ यांच्या हाताखाली नऊ वर्षं, मग रॉबर्ट मोंडावी यांच्याकडे. पुढे शातो माँटेलेनामध्ये त्यांनी केलेल्या १९७३ च्या शार्दोनेनं २४ मे १९७६ रोजी पॅरिसच्या झाकल्या बाटल्यांच्या परीक्षेत फ्रान्सच्या नामवंत पांढऱ्या वाइन्सना मागं टाकलं. परीक्षक फ्रेंचच होते. पुढच्याच वर्षी वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांनी ऑस्टिन हिल्स यांच्या भागीदारीत स्वतःची गर्गिच हिल्स काढली. पॅरिसच्या परीक्षेवर २००८ मध्ये ‘बॉटल शॉक’ नावाचा चित्रपट आला. त्यात ती वाइन करणाऱ्या माणसाला जवळजवळ जागाच नाही. त्यांची पुठ्ठ्याची बॅग मात्र आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये, शंभरी ओलांडून, ते गेले. कंपनी मुलगी व्हायोलेट आणि १९८६ मध्ये क्रोएशियातून आलेला भाचा इव्हो येरामाझ यांनी पुढे चालवली.

गर्गिच नापात आले तेव्हा तिथलं झिनफँडेल द्राक्ष पाहून त्यांना घरच्या प्लावाच माली या वाणाची आठवण झाली. हे दोन एकच असावेत असा त्यांचा कयास होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ यांनी झाग्रेबच्या इव्हान पेयिच आणि एदी मालेतिच यांच्यासह वाणांचा डीएनए तपासला. उत्तर निघालं ते असं: प्लावाच माली हे झिनफँडेलचं अपत्य आहे. आणि २००१ मध्ये स्प्लिटजवळच्या कास्तेल नोवी इथं एका जुन्या बागेत मोजक्या वेली सापडल्या, त्या हुबेहूब झिनफँडेलच्या. अमेरिकेनं आपलं म्हणून मिरवलेलं द्राक्ष मूळचं दाल्मेशियाचं निघालं. आपल्या नाशिकच्या सुलानंही झिनफँडेल लावलं आहे, तेव्हा या गोत्राची एक शाखा गोदाकाठीही आहे.

नाण्याची दुसरी बाजू

ह्वार बेटावरून आलेली काही घराणी कॅलिफोर्नियातल्या डेलानो भागात खाण्याच्या द्राक्षाची मोठी बागायतदार झाली. ८ सप्टेंबर १९६५ रोजी तिथल्या फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला, काही दिवसांत सेझार चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात उतरली. संप पाच वर्षं चालला. बागायतदारांच्या बाजूला इटालियनांबरोबर क्रोएशियन आडनावंही होती. एका पिढीपूर्वी स्वतः मजुरी केलेल्यांच्या घराण्यांनी मजुरांच्या संघटनेला वर्षानुवर्षं मान्यता नाकारली. कष्टातून वर आलेला माणूस कष्टकऱ्याची बाजू घेतोच असं नाही. घराण्याच्या आठवणी लिहिताना हे पान फाडून टाकू नये.

या सगळ्याचा निवाडा करायचा तर असा: क्रोएशियन स्थलांतरितांना यश मिळवून दिलं ते एखाद्या पुरुषाच्या स्वप्नानं नव्हे. जोडधंद्यावर तग धरणाऱ्या कुटुंबाच्या शेतीनं दिलं, आणि कायदा व बाजार बदलला तेव्हा हाताशी तयार बाग असल्यानं दिलं.

आपल्याकडच्या द्राक्षपट्ट्यातही आता तिसरी पिढी बाग पाहते आहे. नाशिक, सांगली, सोलापुरातल्या वाचकांना म्हणून एक विनंती. आजोबांचा हार घातलेला फोटो भिंतीवर असेलच. त्याच्या जोडीला एक वही करा. पहिली वेल कुठल्या साली लावली, काडी कुणाच्या बागेतून आणली, त्याआधी त्या रानात काय पिकत होतं, कर्ज कुणी दिलं, खरड छाटणीला आणि विरळणीला पेठ-सुरगाण्याहून कोण येत होतं, आणि आजी त्या वेळी कोणकोणती कामं ओढत होती, हे सगळं लिहून ठेवा. सांगणारी माणसं अजून घरात आहेत, तोवर या दिवाळीतच सुरुवात करा.