देवळाचं तोंड कुठल्या दिशेला? : प्रवासातल्या छायाचित्रणाविषयी

(खारघर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आपलं खारघर सिडकोनं वसवलेलं, तसं तरुण शहर. पण इथून जवळच, अंबरनाथला, जवळपास हजार वर्षांचं शिवमंदिर उभं आहे. आपण फोटो काढायला अंगकोरला जातो, इजिप्तला जातो. अंबरनाथला मात्र 'कधीतरी जाऊ' म्हणतो. म्हणून आजची सुरुवात तिथूनच करू.

या मंदिराच्या उत्तरेकडच्या दारावर आत एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातलं वर्ष शके ७८२ असं वाचलं होतं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी लेख पुन्हा तपासला आणि ते शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असल्याचं दाखवलं. आकडा एकच बदलला, पण मंदिराचं वय दोनशे वर्षांनी कमी झालं! शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळाशी त्याची सांगड बसली. झिजलेल्या दगडावरची अक्षरं किती फसवतात, ते यावरून लक्षात येईल.

आता यात फोटोग्राफीचा काय संबंध? सांगतो. कोरीव अक्षरांवर समोरून प्रकाश पडला की सगळं सपाट दिसतं. तोच प्रकाश बाजूनं, तिरपा आला की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून दिसतं. शिल्पांचंही तसंच. भर दुपारी बारा वाजता डोक्यावर ऊन असताना मूर्तीच्या डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे येतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तीच मूर्ती जिवंत वाटते.

म्हणून कुठंही निघण्याआधी पहिला प्रश्न विचारायचा : देवळाचं तोंड कुठल्या दिशेला आहे? आम्ही एकदा हा प्रश्न न विचारताच वेरूळला गेलो. पहाटे उठून, मोठ्या उत्साहानं कैलास लेण्यासमोर उभे राहिलो, तर समोरची बाजू पूर्ण सावलीत! कैलास पश्चिमाभिमुख आहे, त्याच्यासाठी दुपार टळल्यावर जायला हवं. कार्ल्याचं चैत्यगृहही पश्चिमेकडे पाहतं. कंबोडियातलं अंगकोर वाटही पश्चिमाभिमुखच. म्हणून तिथं सूर्योदयाला मनोऱ्यांची काळी आकृती मिळते आणि दर्शनी भागाचं कोरीवकाम हवं असेल तर दुपारनंतर थांबावं लागतं. कोणार्क मात्र पूर्वाभिमुख, तिथं सकाळ गाठायची.

दुसरी गोष्ट नियमांची. अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मग अंधारात करायचं काय? आयएसओ वाढवा, कोपर अंगाशी घट्ट धरा, श्वास रोखून बटण दाबा, एकाऐवजी पाच फोटो काढा. एखादा तरी स्थिर येतोच. आधारासाठी भिंतीला मात्र टेकू नका. आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यासारख्या ठिकाणी कॅमेरा पिशवीतच राहू द्या. किरणोत्सवात मावळतीचं ऊन देवीपर्यंत पोचतं, ते डोळ्यांनी पाहायचं.

तिसरी गोष्ट अंतराची. देवळाच्या पायथ्याशी उभं राहून मोबाईल वर केला की शिखर मागं कलल्यासारखं दिसतं. दहा-वीस पावलं मागं जा, मोबाईल सरळ उभा धरा. चौकटीत एखादं माणूस येऊ द्या, त्याशिवाय उंची कळत नाही.

आता एक मुद्दा, जो आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यानं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षं घालवली. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या मराठी-पारशी विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. गिलनं अजिंठा-वेरूळचे फोटोही काढले होते. त्यांचं पुस्तक १८६४ साली निघालं आणि त्याच्या प्रती आजही आहेत. फोटोच्या अनेक प्रती निघतात, हे त्याचं मोठं बळ. पॅरिसचं नोत्र-दाम २०१९ साली जळालं, तेव्हा आधी करून ठेवलेली लेझर मोजणी पुनर्बांधणीला कामी आली.

अंबरनाथचं शिखर आज पूर्ण नाही, बाहेरच्या कित्येक मूर्तींचे चेहरे झिजलेत. झीज रोज थोडी थोडी होते, म्हणून ती डोळ्यांना जाणवत नाही. म्हणून सेल्फी जरूर काढा, पण एवढं आणखी करा : चारही बाजूंनी एकेक फोटो, मग शिल्पांचे जवळून फोटो, आणि सोबत तारीख व 'उत्तरेची भिंत, डावीकडून तिसरी मूर्ती' अशी नोंद. मूळ फाईल दोन ठिकाणी जपा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ही मूळ फाईल नव्हे, तिच्यातला तपशील कमी झालेला असतो.

पन्नास वर्षांनी त्या मूर्तीचं नाक राहिलं नसेल, तेव्हा कुणीतरी विचारेल, 'ही आधी कशी दिसत होती?' त्याचं उत्तर तुमच्या फोटोत असू शकतं. येत्या रविवारी अंबरनाथला जाऊन या. दाराचं तोंड पश्चिमेला आहे, दुपारनंतर निघा.