‘बाई’ गाळावे काय?

सिडनीतील आमच्या समाजाच्या एका कुटुंबात आजीच्या स्मृतिशिलेवर कोरावयाच्या नावावरून मतभेद झाला आहे. नाव तोरातील एका मातेचे, त्याला ‘बाई’ जोडलेले. नातवंडांच्या मते ‘बाई’ गाळावे, कारण मुंबईच्या भेटीत त्यांनी हा शब्द भांडी घासणाऱ्या स्त्रीसाठीच ऐकला. त्याऐवजी नावाखाली ‘मॅट्रिआर्क’ असे लिहावे, ही त्यांची सूचना. वडीलधारी मंडळी दुखावली आहेत. हा प्रश्न उद्या कोणाच्याही घरी उद्भवेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘बाई’ हा मानाचा शब्द आहे. जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई या नावांतून तो काढून पाहावा, म्हणजे काय उणे होते ते कळेल. कोकणातील आमच्या पूर्वजांनी सारा, रिबका, राहेल, लेआ ही नावे लेकींना ठेवली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रीतीने त्यांस ‘बाई’ जोडले. मराठी शाळेत शिक्षिकेसही मुले ‘बाई’च म्हणत आली. मोलकरणीला ‘बाई’ म्हणू लागले ते, आमच्या मते, तिचा मान राखण्याकरिताच. पुढे मान गेला, शब्द तेवढा उरला. त्यात शब्दाचा काय अपराध?

हिब्रूतही असेच घडले आहे. तनाखात राजमातेस ‘गेविरा’ म्हटले आहे. त्याचा धातू सामर्थ्यवाचक. त्याच धातूपासून आलेला ‘गेव्हेरेत’ हा शब्द आज इस्राएलात कोणत्याही स्त्रीच्या नावाआधी लागतो. ‘एम’ म्हणजे आई. परंतु शोफेतीमच्या ग्रंथात दबोरा स्वतःस इस्राएलातील माता म्हणविते, तेव्हा तिच्या अपत्यांचा तेथे उल्लेखही नाही. खजुरीच्या झाडाखाली बसून ती लोकांचे न्यायनिवाडे करी, आणि ती बरोबर आल्यावाचून बाराक लढाईस जावयास तयार नव्हता.

‘मॅट्रिआर्क’ मात्र तुलनेने नवा. सुमारे चारशे वर्षांपूर्वी ‘पॅट्रिआर्क’च्या धर्तीवर, लॅटिन ‘माता’ला ग्रीक ‘सत्ता’ जोडून इंग्रजीत तो घडविला गेला. आमच्या आज्यांनी सत्ता चालविली नाही असे नाही (त्यांच्या सुनांना विचारावे!), पण त्यांची ओळख तेवढीच नव्हती.

येथे वाढलेल्या मुलांना हे पटविणे अवघड नाही. या भूमीचे मूळ रहिवासी आपल्या आदरणीय ज्येष्ठ स्त्रियांना ‘आंटी’ म्हणतात, मग रक्ताचे नाते असो वा नसो, हे मुलांना ठाऊक असते. आपली ‘मावशी’ही तशीच. शब्द ‘मातृष्वसृ’पासून, म्हणजे आईची बहीण, असा आला, पण गल्लीतील प्रत्येक वडील स्त्री आपली मावशी होती. ‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण उगाच पडली नाही.

शिळेवर हिब्रू व इंग्रजी अक्षरे येणारच. त्यांखाली देवनागरीत, ‘बाई’सह संपूर्ण नाव कोरावे, अशी आमची त्या कुटुंबास विनंती आहे. शिळा अद्याप कारागिराकडे गेलेली नाही.