नॉर्मनचा पहारा

उपग्रह, रडार आणि संगणकी प्रारूपं हाताशी असूनही नॉर्मनचे हवामानतज्ज्ञ आजही रंगीत पेन्सिली घेऊन नकाशावर रेषा ओढतात. दमट हवा कुठवर पोचली, कोरडी कुठे थांबली, वारा कुठे वळला, हे प्रत्येक केंद्राची नोंद पाहत हाताने आखायचं. हात चालतो तेव्हा नजर एकेका आकड्यावर थांबते. यंत्रांच्या एवढ्या गराड्यात ही सवय त्यांनी जपली, हे मला फार मोलाचं वाटतं.

ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन शहरातलं त्यांचं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांवर चोवीस तास लक्ष ठेवतं. त्याची खरी कसोटी वसंतात लागते. मेक्सिकोच्या आखातावरून उबदार, दमट हवा उत्तरेकडे सरकते आणि नैर्ऋत्येच्या उंच पठारांवरून आलेली कोरडी, गरम हवा पातेल्यावरच्या झाकणासारखी तिच्यावर बसते. दुपारपर्यंत आत ऊर्जा साठत राहते. त्यातच उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा झपाट्याने बदलत असेल, तर झाकण सुटताच उसळणारे ढग स्वतःभोवती फिरू लागतात. हे सुपरसेल ढग मोठमोठ्या गारा आणतात आणि सर्वांत विध्वंसक टॉर्नेडोही बहुधा त्यांच्यातूनच उतरतात.

टॉर्नेडोचं भाकीत करता येतं, हेच एके काळी कुणाला पटत नव्हतं. २० मार्च १९४८ च्या रात्री ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टॉर्नेडो आदळला आणि विमानांचा चुराडा झाला. अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या लष्करी हवामानतज्ज्ञांना जुन्या नोंदी तपासायला सांगण्यात आलं. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशावर तशीच मांडणी दिसली. त्यांनी इशारा दिला, विमानं सुरक्षित केली गेली, आणि संध्याकाळी तळावर खरोखरच दुसरा टॉर्नेडो आला. नागरी हवामान खातं मात्र लोक घाबरतील म्हणून १९५० पर्यंत तो शब्दच अंदाजात वापरायला कचरत होतं. पुढे नागरिकांसाठीचं असं काम कॅन्सस सिटीतून चालू लागलं आणि १९९७ मध्ये ते नॉर्मनला आलं.

आज मोठ्या उद्रेकाची चाहूल कधी कधी आठवडाभर आधी नकाशावर उमटते. दिवस जवळ येतो तसा धोक्याचा पट्टा आखीव होतो. २०१४ पासून त्याच्या पाच पायऱ्या आहेत. वादळं उठण्याच्या बेतात असली की काही तासांसाठी ‘वॉच’ जाहीर होतो. प्रत्यक्ष टॉर्नेडोचं ‘वॉर्निंग’ देतं ते स्थानिक हवामान कार्यालय, आणि त्यानंतर हाती उरतात ती बहुधा मोजकी मिनिटं.

३ मे १९९९ च्या सकाळी या केंद्राने ओक्लाहोमासाठी तेव्हाच्या तीन पायऱ्यांतली सर्वांत खालची दिली होती. आकाश बदलत गेलं तशी त्यांनी ती आधी मधली केली आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत वरची. त्याच संध्याकाळी मूर शहरातून अतितीव्र टॉर्नेडो गेला. सकाळी स्वतःच लिहिलेला अंदाज दुपारी खोडायला धैर्य लागतं; मला या संस्थेचं मोठेपण त्यात दिसतं.

२७ एप्रिल २०११ ची गोष्ट वेगळी आहे. दक्षिणेकडच्या राज्यांना कित्येक दिवस आधी सावध केलं होतं. पण पहाटेच्या वादळांनी अलाबामात अनेक ठिकाणची वीज घालवली, आणि दुपारचे भीषण टॉर्नेडो आले तेव्हा बऱ्याच घरांत दूरदर्शन संच बंद होते. त्या एका दिवसात तीनशेहून अधिक माणसं गेली. भाकीत बरोबर होतं, तरीही.

म्हणून तयारी वॉर्निंगच्या आधीच व्हायला हवी. मोबाइल होममध्ये राहणाऱ्यांनी तर वॉच लागताच पक्क्या निवाऱ्याकडे निघावं. टॉर्नेडोच्या बळींत अशा घरांतल्या माणसांचं प्रमाण फार मोठं असतं. डॅलस परिसरातल्या मराठी कुटुंबांनाही हे लागू आहे. तिथल्या बहुतेक घरांना तळघर नसतं. अशा वेळी तळमजल्यावरची, बिनखिडकीची, घराच्या मध्यावरची खोली आधीच ठरवून ठेवावी. बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ, पायात घालायला बूट आणि मुलांची सायकलची हेल्मेटं आकाश निरभ्र असतानाच तिथे नेऊन ठेवावीत.