पाण्यातून जन्म, पाण्यानेच अंत

कपाटाच्या तळाशी पडलेली कॅमेऱ्याची जुनी पेटी बाहेर काढावी, खटके उघडावेत आणि आतल्या फोमला हात लावताच बोटं काळी, चिकट व्हावीत! पेटीवर ओरखडासुद्धा नाही, पण आतलं अस्तर काकवीसारखं पाघळलेलं. पेटीला कुणी हात लावला नव्हता, ती कुठे आपटली नव्हती. मग हे झालं कसं?

फोम म्हणजे बहुतांशी हवाच. पण ही हवा मोठं काम करते. एक किलोचा कॅमेरा एक मीटरवरून फरशीवर पडला आणि मिलिमीटरभरात थांबला, तर त्याला सरासरी हजार किलो वजनाइतका दाब सोसावा लागतो. तोच फोमवर पडून दोन सेंटिमीटर दबत थांबला, तर फक्त पन्नास किलोंचा. फोम धक्का नुसता गिळत नाही, तो लांबवतो.

हा फोम बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेनला ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी ही रसायनं घडवली. त्यातलं आयसोसायनेट पाण्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. ढोकळा फुगवणारा वायूही हाच! बुडबुड्यांनी फुगतानाच ते मिश्रण घट्ट होत जातं आणि फोम तयार होतो.

गंमत पुढेच आहे. पाण्याने ज्याला फुगवलं, त्याला पाणीच संपवतं. पॉलिएस्टर जातीच्या फोममधले रेणूंचे सांधे हवेतली वाफ हळूहळू तोडते. तुटलेल्या सांध्यातून आम्ल तयार होतं आणि ते पुढचा सांधा तोडायला मदत करतं. म्हणून वर्षानुवर्षं धड दिसणारा फोम पाहता पाहता चिकट होतो. न वापरता जपून ठेवलेल्या बुटांचे तळवे गळून पडतात, तेही बहुधा असेच. पॉलिईथर जातीचा फोम पाण्याला दाद देत नाही, पण उजेड आणि प्राणवायू त्याला पिवळा पाडून भुगा करतात.

दुरुस्ती घरीही जमते. चिकटा आइस्क्रीमच्या काडीने खरवडा. उरलेले डाग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा, पण आधी एका कोपऱ्यात करून पाहा. ते फडकं भिंगाला मात्र लावू नका. नवा फोम पॉलिएथिलीनचा घ्या. त्यात ते कच्चे सांधे नाहीत आणि बुडबुडे बंद असल्याने ओल आत झिरपत नाही. वस्तूची बाह्यरेषा आखून खाच दोन-तीन मिलिमीटर आत कापा, म्हणजे वस्तू घट्ट बसेल. कटरला नवं पातं लावा आणि एका दमात न कापता चार-पाच हलके हात फिरवा. फोम फार मऊ असेल तर वस्तू तळाला टेकते, फार कडक असेल तर तो दबतच नाही. म्हणून जाडी आणि घट्टपणा वस्तूच्या वजनाप्रमाणे निवडा. थर चिकटवायला सोल्यूशन वापरलं, तर वास जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा.

मग सिलिका जेलची पुडी आत टाका. गणपती गेले, पाऊस ओसरला की पेटी एकदा उघडून फोम बोटाने दाबा. खळगा लगेच भरून आला, तर समजा आतली हवा अजून कामावर आहे.