सही करण्याआधी

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, एका प्रकाशनाचं कार्यालय आहे. बाइंडरकडून नुकतेच आलेले गठ्ठे जिन्यातच रचून ठेवलेत. त्यांची सुतळीही अजून सुटलेली नाही. मी एका अनुवादाची प्रुफं द्यायला आलो आहे. आतल्या खोलीत संपादकांसमोर एक शिक्षिका बसली आहे. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर ती शिकवते. रात्रीच्या एसटीने आली आहे, सोबत नवरा. टेबलावर स्पायरल बांधलेलं हस्तलिखित आहे: ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या कथा. पहिलंच पुस्तक. संपादक तिला विचारतात, "हे बसले तर चालेल ना?" ती मान हलवते, आणि मी भिंतीकडेची खुर्ची ओढतो.

संपादकांनी सगळं वाचलेलं आहे. प्रत्येक पानाच्या समासात शिसपेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि ती त्या खुणांकडे धास्तीने बघते आहे.

"ताई, टोळी कारखान्यावर पोचते तो प्रसंग तुम्ही स्वतः पाहिलाय?"

"नाही सर. पोरांनी सांगितलेला. दसऱ्यानंतर माझा वर्ग अर्धा रिकामा होतो, उन्हाळ्यात परत येतात तवा सांगतात."

"मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून त्या पोराला जे दिसतं तेवढंच ठेवा. साखर कारखानदारीचा इतिहास त्याला माहीत नाही. तो तुम्हाला माहीत आहे."

ती वहीत टिपून घेते. संपादक पानं उलटत चौथ्या कथेवर थांबतात. या कथेतली मुलगी चौथीतली आहे. आईवडील उसाच्या फडात गेले की ती कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, धाकट्या भावाला सांभाळते. बापाला वाचता येत नाही, म्हणून एका संध्याकाळी वजनाची पावती तीच वाचते, आणि मुकादमाच्या वहीत टनांचा आकडा कमी लिहिलेला तिला दिसतो. इथवर कथा अंगावर येते. मग पुढची दोन पानं लेखिका स्वतः बोलते: मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल कशी फिटत नाही, कोण कुणाला लुटतं, सरकारने काय करायला हवं.

"ही दोन पानं काढू या."

ती गप्प. नवरा खुर्चीत पुढे सरकतो.

"सर," ती म्हणते, "ते काढलं तर लोकांना कळंल का, दोष कुणाचा ते?"

"पावतीवरचा आकडा तुम्ही दिलाय. वहीतलाही दिलाय. वाचकाला वजाबाकी येते."

बराच वेळ कुणी बोलत नाही. खाली रस्त्यावर टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहतो. मग ती टेबलावरची पेन्सिल उचलते आणि दोन्ही पानांवर आडवी रेघ मारते. तिने हे स्वतःच्या हाताने केलं याचं मला फार मोल वाटतं. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांनी 'मौज' आणि 'सत्यकथे'त लेखकाकडूनच लेखन सुधारून घेण्याचं हेच काम वर्षानुवर्षं केलं, आणि लेखकांच्या कितीतरी पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. आज असा संपादक ज्याला पहिल्या पुस्तकाला मिळतो तो नशीबवान. पुष्कळ नवी पुस्तकं मुद्रितशोधनसुद्धा न होता छापखान्यात जातात, आणि ती वाचताना लेखकाविषयी जीव तुटतो.

नवरा आता मोकळेपणाने बोलू लागतो. याआधी एका ठिकाणी हस्तलिखित दिलं होतं. आठवड्यात होकार आला. खर्च यांनीच भरायचा, आणि छापलेल्या बहुतेक प्रती यांच्याच घरी येणार. "वाचलं का म्हणून विचारलं, तर म्हणले, छान आहे. एकाही कथेचं नाव सांगता आलं नाही त्यांना." शिवाय आयएसबीएनचे वेगळे पैसे मागितले होते. संपादक मान हलवतात. आयएसबीएन हा तेरा आकडी क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो. प्रकाशकालाही मिळतो, आणि स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही.

प्रकाशक बाई आत येतात, चहा सांगतात, आणि कागदावर हिशेब मांडतात. डेमी आकार, साधारण एकशे साठ पानं, म्हणजे सोळा पानी दहा फॉर्म. पहिली आवृत्ती पाचशेची. पूर्वी हजार प्रती हमखास छापत, आता तेवढ्या ठेवायला गोदाम नाही आणि अडकवायला पैसा नाही. विक्रेत्याची सूट, कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ. मानधन छापील किमतीच्या दहा टक्के, विकलेल्या प्रतींवर. "ताई, यातून घर चालणार नाही, हे आधीच सांगते." महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी, तिकडेही अर्ज करून बघा, असं त्याच सुचवतात. हातचं पुस्तक दुसरीकडे जाण्याची शक्यता असताना हे सांगणारी ही बाई मला मोठी वाटते.

मग करार येतो. तीन पानं. शिक्षिका लगेच पेन काढते.

"थांबा. आधी वाचा," प्रकाशक बाई म्हणतात.

त्या एकेक कलम बोट ठेवून दाखवतात. हक्क किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, मानधन किती, सगळं लिहिलेलं हवं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी दिल्याखेरीज दिलेले ठरत नाहीत. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हा हक्क वारसांकडे राहतो. "तुमच्या पोरीला या कथांवर सिनेमा करायचा असेल तर? म्हणून चित्रपटाचे आणि भाषांतराचे हक्क मी मागतच नाही, ते तुमच्याकडे ठेवा." शिक्षिका पहिल्यांदा हसते.

पुस्तक निघालं की महिन्याभरात एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाईल; 1954 च्या कायद्याने प्रकाशकावर तशी सक्तीच आहे. मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांतही जाईल. नवरा हे दोनदा विचारून खात्री करून घेतो. पहिल्या पुस्तकाची ही धडपड बघताना मला आठवतं, याच पुण्यात 1963 मध्ये देशमुख आणि कंपनीने पंचविशीतल्या भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' छापली, तीही पहिलीच कादंबरी होती. अनोळखी लेखकावर कुणीतरी पैसा आणि नाव लावावं लागतं, तेव्हाच नवं काही वाचकापर्यंत येतं.

आज सही होत नाही. दुरुस्त्या दिवाळीनंतर द्यायच्या ठरतात. कराराची प्रत आणि खुणांनी भरलेलं हस्तलिखित एकाच पिशवीत घालून दोघं स्वारगेटकडे निघतात.

पहिलं पुस्तक घेऊन प्रकाशकाचा जिना चढणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे: तुमच्या कथेतला कुठला भाग कच्चा आहे, ते त्यांना विचारा. मग कराराचा मसुदा घरी न्यायला मागा. या दोन्हींतलं काहीच जिथे मिळत नाही, तिथे हस्तलिखित ठेवू नका.